शर्यत खेळाडूंची कीं यंत्रांची?

कोणत्याहि स्पर्धेचे नियम वाचावयास घेतले असतां त्यांत दोन प्रकारचीं कलमें आढळतात. कांहीं कलमें स्पर्धा कशाची आहे हें सांगतात, व कांहीं स्पर्धकांत समता कशी राखावयाची हें सांगतात. कुस्ती आखाड्यांतच झाली पाहिजे, हें पहिल्या प्रकारचें कलम. मल्लांची जोड वजन पाहून लावावी, हें दुसऱ्या प्रकारचें. हा भेद दिसावयास क्षुल्लक आहे. पण तो नजरेआड झाला म्हणजे शहाण्या माणसांच्या हातूनहि नियमांचा केवढा गोंधळ होतो, याचें एक बोधप्रद उदाहरण सांप्रत व्हिडिओ खेळांच्या वेगशर्यतींत पाहावयास मिळतें. त्या शर्यतींतील चित्रविषयक नियमांचें परीक्षण करावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एखादा व्हिडिओ खेळ आरंभापासून अखेरपर्यंत कमींत कमी वेळांत पुरा करून दाखविणें, या छंदास स्पीडरनिंग म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हे खेळ खेळणारीं मुलें असतील, आणि पुष्कळ वडीलधारीं माणसें त्यांजकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असतील. तथापि या छंदाला आतां तीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९९३ च्या डिसेंबरांत डूम नांवाचा खेळ निघाला; खेळाडूनें दाबलेल्या कळांची नोंद ठेवून ती जशीच्या तशी पुन्हां चालवून पाहण्याची सोय त्यांत होती, आणि त्या नोंदींची तुलना करतां करतां शर्यत उभी राहिली. १९९७ सालीं कांहीं खेळाडूंनीं मिळून क्वेक हा सबंध खेळ १९ मिनिटें ४९ सेकंदांत पुरा केल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. २०१० पासून गेम्स डन क्विक या नांवाचे मेळे भरूं लागले, व त्यांतून धर्मादाय संस्थांसाठीं मोठ्या रकमा गोळा होऊं लागल्या. ज्या उद्योगांत माणसें एका सेकंदासाठीं वर्षेंच्या वर्षें खर्च करतात, तेथें तो सेकंद कोणी मिळविला, खेळाडूनें कीं त्याच्या यंत्रानें, हा प्रश्न पोरखेळाचा राहत नाहीं. परीक्षेच्या दालनांत किंवा न्यायाच्या दरबारांत जो प्रश्न उभा राहतो, तोच हा आहे.

संगणकावरील बहुतेक खेळांत चित्र किती बारीक असावें, सावल्या दाखवाव्या कीं नाहीं, किती दूरचा प्रदेश दिसावा, उजेड किती असावा, सेकंदाला किती चित्रें, म्हणजे फ्रेम्स, पडद्यावर याव्या, हें ठरविण्याची मुभा खेळाडूस दिलेली असते. सामान्य समज असा कीं, ही नुसती सजावट आहे. कादंबरी ठसठशीत टायपांत छापली काय किंवा बारीक टायपांत छापली काय, कथानक तेंच राहतें, तद्वत् हेंहि. डूमच्या बाबतींत हा समज अगदीं खरा आहे. त्या खेळाचें जग सेकंदाला ३५ ठोके या ठराविक तालावर चालतें. पडद्यावरील चित्र सुबक असो कीं ओबडधोबड, राक्षसाचें पाऊल व बंदुकीची गोळी त्या ठोक्यांशींच बांधलेलीं असतात. जुन्या यंत्रावरील नोंद आणि नव्या यंत्रावरील नोंद एकाच मापानें मोजतां येते. ज्यांनीं हा खेळ रचला त्यांच्या मनांत शर्यतीची कल्पनाहि नसेल; पण चित्र आणि खेळ यांचा संसार त्यांनीं वेगळा ठेवला, आणि त्या एका गोष्टीनें पुढील तंट्यांचें मूळच उपटलें गेलें.

परंतु सगळेच खेळ इतके सोवळे नसतात. १९९९ सालचा क्वेक थ्री अरीना हा खेळ घ्या. त्यांत प्रत्येक चित्रागणिक खेळाडूचा वेग नव्यानें मोजला जातो, आणि मोजून झाल्यावर अपूर्णांक सोडून तो नजीकच्या पूर्णांकावर आणला जातो. गुरुत्वाकर्षणामुळें सेकंदाला ८०० परिमाणें इतका वेग घटावा, असें त्या जगाचें मूळ माप आहे. आतां सेकंदाला १२५ चित्रें म्हणजे एक चित्र ८ सहस्रांश सेकंदाचें. तेवढ्या अवधींत वेग ६.४ नें घटावयास हवा. पण पूर्णांक करतांना तो ६ नेंच घटतो. परिणामीं त्या खेळाडूस ८०० ऐवजीं ७५० चेंच गुरुत्वाकर्षण भोगावें लागतें. उलट एक चित्र १६ सहस्रांश सेकंदांचें असेल, तर १२.८ च्या जागीं १३ नें वेग घटतो, व गुरुत्वाकर्षण ८१२ च्या वर जातें. उडीचा आरंभींचा वेग २७० असतो. तेव्हां ठोकळ मानानें पहिला खेळाडू ४८ परिमाणांहून अधिक उंच उडतो आणि दुसरा ४५ च्या किंचित् आंतच राहतो. ज्या कठड्यावर एकाचे पाय टेकतात त्याच्या खालच्या भिंतीवर दुसरा आपटतो. दोघांचीं बोटें सारखीं चपळ, दोघांचा सराव सारखा. परंतु एकाचें यंत्र सेकंदाला १२५ चित्रें काढण्याइतकें भारी आणि दुसऱ्याचें हलकें, एवढ्या एका कारणानें दोघे निरनिराळ्या पृथ्वीवर उड्या मारीत असतात. येथें चित्रमांडणीचा प्रश्न चित्रापुरता राहत नाहीं. सृष्टीचे नियमच द्रव्याच्या हातीं जातात.

या दोषावर जो उपाय योजला गेला तो आम्हांस अनुकरणीय वाटतो. क्वेक थ्रीच्या आधारें डीफ्रॅग नांवाचा जो शर्यतीचा खेळ रचण्यांत आला त्यांत १२५ हाच आंकडा प्रमाण मानण्यांत आला, व यंत्र कसेंहि असो, हालचालीचें गणित ८ सहस्रांश सेकंदांच्या ठोक्यावरच करावें अशीहि सोय झाली. हा आंकडा पवित्र आहे असें कोणी म्हटलें नाहीं. तो एकदां ठरला, जाहीर झाला, आणि सर्वांस सारखा लागू झाला. त्याहून वरचा एखादा आंकडा ठरविला असता तर कदाचित् उड्या आणखी उंच झाल्या असत्या. पण तो आंकडा किती जणांच्या यंत्रास झेपला असता? मर्यादा घालावयाची तर ती साधारण माणसाच्या आवांक्यांतली पाहिजे. गरिबाच्या हाताला न लागणारी मर्यादा ही मर्यादाच नव्हे, तें श्रीमंताच्या अंगणाचें कुंपण होय.

याच्या उलट गोल्डनआय ००७ या खेळाची कथा आहे. निंटेंडो ६४ या यंत्रासाठीं १९९७ सालीं निघालेला हा जेम्स बाँडचा खेळ. त्या यंत्राची शक्ति बेताची. समोर लांबवरचा देखावा आला कीं तें चितारतांना यंत्र दमतें व खेळ रेंगाळतो. शर्यतीच्या खेळाडूंच्या हें लवकरच ध्यानांत आलें, आणि त्यांनीं आपल्या गुप्तहेरास मान खालीं घालून धांवावयास शिकविलें. डोळ्यांपुढें केवळ फरशी असली म्हणजे चितारावयाचें थोडें, आणि थोडें चितारावयाचें म्हणून खेळ सुरळीत. पाहणारास हें दृश्य चमत्कारिक वाटतें: शत्रूच्या गोटांतून हा वीर जणुं हरवलेलें नाणें शोधीत चालला आहे! पण खेळाडूच्या बाजूनें विचार केला तर हें मोठें अवघड काम आहे. वाटेचीं वळणें, दारें, पहारेकऱ्यांच्या जागा या सगळ्या तोंडपाठ असल्याविना असें आंधळेपणानें धांवतां येत नाहीं. या खेळांत वेळ पुऱ्या सेकंदांत मोजतात. त्यांतील धरणाच्या पहिल्या मजलीचा ५३ सेकंदांचा उच्चांक सुमारें १५ वर्षें अढळ राहिला व २०१७ सालीं तो ५२ वर आला. अशा शर्यतींत फरशीकडे पाहून वांचविलेल्या क्षणांना किती मोल असेल, याची कल्पना करावी.

आतां क्वेकचा खेळाडू आणि गोल्डनआयचा खेळाडू यांनीं केलें काय? दोघांनींहि चित्राचा भार व खेळाची गति यांचा संबंध ओळखून त्याचा लाभ घेतला. तरीहि पहिल्याचा लाभ आम्हांस खटकतो आणि दुसऱ्याचें कौतुक वाटतें, हें कां? कारण गोल्डनआयचें यंत्र सर्वांपाशीं एकाच जातीचें आहे. त्याची दुर्बलता ही सर्वांची समाईक मिळकत आहे, व तिच्यावर मात करण्याचा मार्ग पैशांतून जात नाहीं, पाठांतरांतून जातो. एक लाभ ज्ञानानें मिळतो, दुसरा मालकीनें. चित्रविषयक नियमांचें परीक्षण करणारानें प्रत्येक कलमाला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे कीं, या सवलतीचा उपयोग करून घेण्यास अभ्यास लागतो कीं पैसा?

या कसोटीनें सर्वच प्रश्न सुटले असते तर लेख येथेंच संपला असता. पण माइनक्राफ्ट या खेळाच्या शर्यतीकडे वळलों कीं निराळाच पेंच पडतो. या खेळांत प्रत्येक वेळीं नवें जग निर्माण होतें. त्यांत साधनें जमवून, एक किल्ला शोधून, शेवटीं एका महासर्पाचा वध करावयाचा असतो. भुयारांत व रात्रीं अंधार असतो, आणि अंधारांत वाट चुकते. उजेड वाढविण्याचा एक दांडा मांडणीच्या पानावर आहे. परंतु शर्यतींत जी १.१६ ही २०२० सालची आवृत्ति फार प्रिय झाली, तींत मांडणीच्या साध्या मजकुराच्या फायलींत हातानें मोठा आंकडा लिहिला तर उजेड त्या दांड्याच्या शेवटापलीकडे जातो आणि अंधार बहुतेक नाहींसाच होतो. यावर नियमकर्त्यांस मर्यादा आंखावी लागली. दुसऱ्या बाजूला याच खेळांत, ठराविक कळा दाबल्या कीं यंत्र आपला वेळ कोणकोणत्या कामांत घालवीत आहे याचें एक वर्तुळाकार चित्र पडद्यावर येतें. तें खेळाच्या कर्त्यांच्या तपासणीसाठीं ठेवलेलें. पण त्यांतील पाकळ्यांची रुंदी पाहून, भिंतीपलीकडे पेटी आहे कीं राक्षस जन्मास घालणारा पिंजरा आहे, याचें अनुमान तरबेज खेळाडू करतो. हें मात्र चालतें. मांडणीच्या फायलींत एक आंकडा वाढविणें गैर, आणि भिंतीच्या आरपार पाहणें योग्य! वरवर पाहतां याहून विसंगत न्याय तो कोणता?

पण थोडा विचार केला तर येथें दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. उजेडाच्या आंकड्यास पैसा लागत नाहीं. कोणाहि खेळाडूस तो फुकट लिहितां येतो. अर्थात् समतेच्या दृष्टीनें त्यांत कांहींच गैर नाहीं. त्याला जी मर्यादा घातली गेली ती समतेसाठीं नसून स्वरूपासाठीं आहे. अंधार हा या खेळाचा एक घटक आहे, तो सर्वस्वीं काढून टाकला तर शर्यत दुसऱ्याच कशाची तरी होईल, असें नियमकर्त्यांस वाटलें. असें वाटण्याचा त्यांस अधिकार आहे. स्वरूपाचा नियम कांहीं अंशीं लहरी असणारच. कबड्डींत एका दमाचाच अवलंब कां, याला तरी न्यायशास्त्रीय उत्तर कोठें आहे? स्वरूपाच्या नियमाकडून एवढीच अपेक्षा करावी कीं, तो खेळणारांनीं विचार करून ठरविलेला असावा, स्पष्ट लिहिलेला असावा, व मध्येंच बदलूं नये. समतेच्या नियमाचें तसें नाहीं. तेथें लहरीला जागा नाहीं. तेथें कारण द्यावेंच लागतें. आमचा मुख्य आक्षेप असा कीं, या शर्यतींतील पुष्कळ नियम स्वरूपाच्या कलमांना समतेचा वेष चढवितात. आंकडा वाढविणाऱ्या पोरास लबाड ठरविण्यांत येतें, वास्तविक त्यानें फार तर दुसरा खेळ खेळलेला असतो. आणि ज्या ठिकाणीं खरी विषमता आहे तेथें मात्र डोळेझांक होते.

त्या डोळेझांकीचें उदाहरण याच खेळांत आहे. जग दर वेळीं नवें निघत असल्यामुळें चांगलें जग हातीं लागेपर्यंत खेळाडू शेंकडों जगें टाकून देतात. ज्याचें यंत्र बलाढ्य त्यानें एकाच वेळीं खेळाच्या अनेक प्रति चालवून, एका जगांत धांवत असतांना पुढचीं जगें तयार होत ठेवावींत, ही रीत पुष्कळ दिवस मान्य होती. ज्याच्यापाशीं एकच प्रत कशीबशी चालविणारा संगणक आहे त्यानें एकेका जगाची वाट पाहत बसावें. उजेडाच्या कांट्यावर काटेकोर पहारा, आणि दैवाच्या सोंगट्या किती वेळां फेंकावयाच्या हें मात्र थैलीच्या वजनावर! पुढें २०२४ सालीं, एकाच प्रतींत अनेक जगें आगाऊ सिद्ध करून ठेवणारी लहानशी जोड निघाली व ती मान्य झाली, त्यामुळें हा भार पुष्कळ हलका झाला. ही समाधानाची गोष्ट आहे. पण या सुधारणेचें श्रेय एका कुशल कारागिराकडे जातें, नियमाकडे जात नाहीं, हेंहि विसरूं नये.

या शर्यतींतून फार प्रचलित असलेलें एक सूत्र असें कीं, "जें मांडणीच्या पानावर आहे तें चालेल, जें त्याबाहेर आहे तें चालणार नाहीं." या सूत्रांत सोय मोठी आहे. तें समजावयास सोपें व तपासावयास सुकर आहे. आणि जो नियम तपासतां येत नाहीं तो प्रामाणिकास बांधतो व अप्रामाणिकास मोकळा सोडतो, हें आम्हांस मान्य आहे. पण सोय म्हणजे न्याय नव्हे. चित्रांच्या संख्येवरील बंधन काढून टाकण्याची सवलत मांडणीच्या पानावरच असली, आणि तीमुळें उडी उंच होत असली, तर सूत्र पाळूनहि अन्याय घडेल. मांडणीचें पान ज्यानें रचलें त्यानें तें विक्रीसाठीं रचलें. शर्यतीचा विचार त्याच्या गांवींहि नव्हता. दुकानदाराच्या फळीवरील मांडणी ही न्यायाधीशाची संहिता होऊं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, यंत्राचा वांटा खेळांतून सर्वस्वीं कधीं निघाला आहे काय? नाहीं, पण तो मोजतां येतो, आणि मोजल्यावर वेगळा मांडतांहि येतो. सायकलवर एका तासांत किती अंतर तोडावयाचें, या उच्चांकाचा इतिहास येथें पाहण्याजोगा आहे. १९७२ सालीं एडी मर्क्स यानें ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. १९९६ सालीं ख्रिस बोर्डमन यानें नव्या घडणीच्या सायकलीवर व नव्या बैठकीनें ५६.३७५ किलोमीटर गांठलें. पुढें २००० सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें मर्क्सच्या काळच्या सायकलीसारख्या साध्या सायकलीवरील उच्चांक वेगळा धरण्याचें ठरविलें. त्याच बोर्डमननें त्याच वर्षीं तसल्या सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर अंतर कापलें. मर्क्सहून अवघे १० मीटर अधिक! दोन आंकड्यांमधले सुमारें सात किलोमीटर सर्वस्वीं यंत्राचे व बैठकीचे होते असें म्हणणें धाडसाचें होईल, कारण मध्यें चार वर्षें लोटलीं होतीं. तरी त्यांतला मोठा हिस्सा कोणाचा, हें सांगावयास ज्योतिषी नको. २०१४ सालीं संघटनेनें पुन्हां नव्या सायकलींस वाट मोकळी केली. नियम बदलले, परंतु कोणता आंकडा कोणत्या सायकलीवरचा हें लिहून ठेवलेलें असल्यामुळें कोणाच्याहि घामाचा अपमान झाला नाहीं.

व्हिडिओ खेळांतहि हा मार्ग अपरिचित नाहीं. युरोपांतील जुने दूरदर्शन संच सेकंदाला ५० फेऱ्यांचे व अमेरिका-जपानांतील ६० फेऱ्यांचे असल्यामुळें, ज्या खेळांत या फरकाची भरपाई केलेली नव्हती ते युरोपांत एका षष्ठांशानें मंद चालत. ६० मिनिटांचा खेळ तेथें ७२ मिनिटें घेई. त्या दोन्ही आवृत्तींच्या वेळा वेगळ्या मांडण्याची किंवा फरक ध्यानांत घेऊन मोजण्याची प्रथा पडली. तसेंच, एका प्रकरणांतून दुसऱ्यांत जातांना यंत्रास जो साठा भरून घ्यावा लागतो त्याचा वेळ एकूण वेळांतून वजा करण्याची रीतहि अनेक खेळांत रूढ आहे. ही वजाबाकी म्हणजे या शर्यतींतील सर्वांत सुसंस्कृत नियम, असें आमचें मत आहे. तिनें गरीब खेळाडूच्या पाठीवरचें ओझें तेवढें उतरतें, आणि कोणाचेंहि कौशल्य कमी होत नाहीं.

तेव्हां आमच्या मतें चित्रविषयक नियमांची घडण पुढीलप्रमाणें असावी. ज्या मांडणीनें खेळाच्या जगांतील गति किंवा उडी बदलते तिला एकच ठराविक आंकडा असावा, व तो साध्या यंत्रासहि झेपणारा असावा. ज्या मांडणीनें नुसती यंत्राची दमछाक कमी-अधिक होते ती खुली ठेवून तिचा वेळ शक्य तेथें वजा करावा. चित्र हलकें करून जुनें यंत्र धांवतें करणारास तर कोणीच आडवूं नये. आणि ज्या मांडणीनें केवळ दिसण्यांत फरक पडतो, म्हणजे उजेड, रंग, धुकें, दृष्टीचा पल्ला, ती स्वरूपाचा प्रश्न म्हणून खेळणारांच्या संमतीनें ठरवावी, व ठरवितांना माणसांचे डोळे सारखे नसतात याची आठवण ठेवावी. ज्यास तांबडें-हिरवें वेगळें ओळखूं येत नाहीं, किंवा ज्यास लखलखाटानें झटका येण्याचें भय आहे, त्यानें रंग बदलले अथवा लखलखाट बंद केला तर तो लाभ नव्हे. तो इतरांच्या बरोबरीला येतो, एवढेंच. शेवटीं, नियम बदलला तरी जुने उच्चांक पुसूं नयेत. २०१० च्या आरंभापासून पोहण्याच्या शर्यतींत अंगभर रासायनिक पोषाखांस बंदी झाली, पण त्या पोषाखांतले उच्चांक वहींतून खोडले गेले नाहींत. त्या वेळच्या नियमानें जें मिळविलें तें त्या वेळच्या रकान्यांत राहूं द्यावें.

एक आक्षेप राहिला. या खेळाडूंस खेळांतील चुका हुडकून भिंतींतून आरपार जाणें चालतें, नव्हे, तेंच त्यांचें भूषण. मग चित्रांच्या संख्येमुळें घडणारी चूकच तेवढी कां वर्ज्य? आमचें उत्तर वर येऊन गेलेंच आहे. भिंतींतली फट सर्वांच्या भिंतींत आहे. ती प्रथम ज्यास सांपडते तो बुद्धिमान्, आणि ती दुसऱ्यांस दाखवितो तो उदार. चित्रांच्या संख्येची फट मात्र ज्याच्यापाशीं भारी यंत्र आहे त्याच्याच भिंतींत असते. ती कितीहि उदारपणें दाखविली तरी दुसऱ्यास तिच्यांतून जातां येत नाहीं. तीच फट ठराविक आंकड्यानें सर्वांच्या भिंतींत पाडली, तर मग तिच्यांतून खुशाल धांवावें. आमचें भांडण फटीशीं नाहीं.

हा छंद अजून तरुण आहे, व त्याचे नियम खेळणारेच विनावेतन, फावल्या वेळांत लिहितात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं; किंबहुना इतक्या बारीक गोष्टींचा इतका मनःपूर्वक खल करणारी तरुण मंडळी पाहून आनंदच वाटतो. त्यांनीं एवढेंच करावें कीं, नवें कलम लिहिण्यापूर्वीं तें स्वरूपासाठीं आहे कीं समतेसाठीं, हें स्वतःशीं ठरवावें आणि कलमाच्या शेजारीं लिहावें. मग लहान गांवांतल्या जुन्या संगणकापुढें बसलेल्या मुलास निदान इतकें तरी कळेल कीं, आपण हरलों तो आपल्या बोटांनीं हरलों, कीं बापाच्या पगारानें.